तांबड्या टोपीखालचं बटण

महापे एमआयडीसी. शेडमागे खाण संपलेला डोंगर.
बाहेर अडतीस; पत्र्यावर कावळा पाय बदलत उभा.
आत काचेच्या कपाटात उणे चाळीस.
कपाटात आमचा संच, हिरवा, सव्वाचार किलोचा,
सकाळपासून थंडी खातोय.

ढाणे हातमोजे चढवतात,
आतून लोकर, वरून कॅनव्हास, स्वतःचे, ट्रंकेतले.
जोतिराम ढाणे. सिग्नल्समध्ये चोवीस वर्षं.
आता ऐरोलीहून दुसऱ्या पाळीला येतात
डब्यात भाकरी आणि खर्डा घेऊन.
"मॅडम, हात घालून बघतो."

गणित माझ्या बाजूला आहे.
दोनशे छप्पन बिटांची किल्ली,
जगातली सगळी यंत्रं जुंपली तरी
सूर्य विझेल, कुलूप निघणार नाही.
हे मी दिल्लीच्या साहेबांना पडद्यावर दाखवलेलं,
त्यांनी चहा ढवळत मान डोलावलेली.

किल्ली भरायला अकरा पायऱ्या.
ढाणे मोजतात, मोठ्यानं, कवायतीसारखं.
चौथीला एक बोट दोन बटणांवर पडतं.
पुन्हा पहिल्यापासून.
सातवीला पडदा आळसावतो, आकडे काकवीसारखे ओघळतात.
पुन्हा.
मग हात बाहेर. मोज्यांवर पांढरं दव.
"इथवर पोरगं थांबत नाही, मॅडम.
हा खटका असा फिरवतं,"
आणि फिरवून दाखवतात:
साधा आवाज, उघडा, कुणीही ऐकावा असा.
"आणि बोलतं."

काय बोलतं?
"काय बोलणार! गावाकडचं.
थोरली म्हैस आटली, म्हणजे गोळे संपले.
पाव्हणे मळ्यात उतरले, सात-आठ.
वाटायचं, कुणाला कळतंय.
पण पलीकडंही म्हशी असतात की."

कॅन्टीनचा पोरगा चहा ठेवून गेला.
साय धरेपर्यंत कुणी हात लावला नाही.

नंतर तांबड्या टोपीखालचं बटण.
संच परक्याच्या हाती पडायची वेळ आली
की टोपी उघडून दाबायचं,
सगळ्या किल्ल्या पुसल्या जातात, आत फक्त शून्यं.
तीन महिने आम्ही भांडतोय या एका स्प्रिंगवरून.
सैल ठेवली, तर झोपेत कूस बदलताना
कोपर लागून अख्खी चौकी मुकी.
घट्ट ठेवली, तर
त्या वेळेला बोटात बळ कुठलं.
डिझाइनवाले सैल म्हणतात, दर्जावाले घट्ट,
दोघांकडेही आलेख आहेत.

किती न्यूटन ठेवू, ढाणे?

ते बोलले नाहीत.
टेबलाच्या कडेवर अंगठा दाबून बघत राहिले,
उजवा, बऱ्याच वेळानं डावा.
"डाव्याच्या हिशेबानं ठेवा."
का, ते मी विचारलं नाही.
विचारलं असतं तरी "तिकडं एकदा" एवढंच म्हणाले असते.
हळदीकुंकवाला त्यांच्या मंडळी सांगत होत्या,
लग्नानंतर पत्रं यायची, गावाचं नाव नसायचं,
नुसता आकडा. "मी आकड्यालाच उत्तर धाडायची हो."

शेवटची चाचणी नेहमीचीच.
एका खोलीत ते बोलणार, किल्ली लावून;
मी भिंतीपलीकडे, किल्ली नसलेल्या संचापाशी.
मला ऐकू यायला हवी नुसती खरखर,
कढईत पापड सोडल्यासारखी, सपाट,
कुठेही उंचवटा नाही, श्वासाचा अंदाज नाही.
तशीच आली. छान आली.
ठरलेलं वाक्य सहा सेकंदांचं.
खरखर दोन मिनिटं चालली.

मी घड्याळ बघितलं, नोंद केली: उत्तीर्ण.

अहवालात लिहिलं,
पायऱ्या अकरावरून चार कराव्यात.
उघड्या आवाजाचा खटका सहजी हाती लागू नये.
बटणाचं बल: डावा अंगठा, मोजा घालून, थंडीत.
शेवटच्या ओळीला पुण्याहून शेरा आला:
"आधार काय?"

तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे.
ढाणे मोजे खिडकीत उन्हाला घालतात,
बोटं वर करून.